बुटांचं तोंड

आमच्या कोळशाच्या खाणवस्तीत पुरुष कामाला निघण्याआधी त्याचे बूट उंबऱ्याशी घराकडे तोंड करून ठेवतात, म्हणजे माणूस खाणीतून परततो. नवऱ्याचे ठेवले, तो परतला नाही. लेकाचे, ब्योंगहोचे, वीस वर्षं ठेवले, तो रोज आला. काल खाण कायमची बंद झाली. “आजी, कोरियाला कार्बन शून्यावर आणायचाय,” सरकारी साहेब समजावत होता. “आणा की. आमची शाळा, दवाखाना आधीच शून्यावर आणलेत तुम्ही.” तो जवाचा चहा न पिताच गेला. आज ब्योंगहो बंदरावरच्या वीजकेंद्रात कामाला निघाला. “तिथं काय जाळतात रे?” “कोळसाच, आई. परदेशातून बोटीनं येतो.” “मग शून्य कधी होणार?” “साहेबाला विचारायचंस. मी फक्त पगार विचारला.” मी वाकून त्याचे बूट पहिल्यांदाच रस्त्याकडे वळवले. ते त्याच्या पायात झटकन चढले. रोज बूट घालताना त्याचं तोंड माझ्याकडे असायचं. आज पाठ होती.