आजची चूक

बाईंनी फळ्यावर बावन्नातून सतरा वजा केले आणि खाली पंचेचाळीस लिहून टाकले.

शेवटच्या बाकावर बसलेल्या आईच्या कपाळाला आठी पडली. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक दिसली की तिचा हात आपोआप लाल पेन शोधायला लागे. हॉटेलात गेली तरी आधी मेनूकार्ड तपासून व्हायचं, मग भूक लागल्याचं तिच्या लक्षात यायचं. शेजारी बाबाने हळूच घड्याळ पाहिलं. तो विमा विकायचा आणि आकड्यांवर त्याची श्रद्धा होती. नदीपलीकडची शाळा निकालात शहरात पहिली आली होती आणि तिथली एक जागा त्यांच्या मुलीसाठी फक्त आज संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेली होती. ही शाळा निकालात कुठेतरी मधोमध लटकलेली. निव्वळ बायकोच्या हट्टापायी तो इथे लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

दोघांच्या मध्ये मुंगी बसली होती. खरं नाव वेगळं, पण घरात आवाज न करता वावरायची म्हणून मुंगी. मागची शाळाही नावाजलेलीच होती. तिथे मुंगीने वर्षभर कोरे पेपर दिले. येत नव्हतं असं मुळीच नाही. का गं असं, म्हणून विचारलं तर म्हणाली, कोऱ्या कागदात चूक नसते. तेव्हापासून निकालांचे तक्ते बघून तिचं समाधान होईना. पण त्यांच्याऐवजी बघायचं काय, हेही तिला धड ठाऊक नव्हतं. म्हणून ती प्रत्येक शाळेत म्हणायची, आम्हाला थोडा वेळ वर्गात बसू द्या. नदीपलीकडच्यांनी नाही म्हटलं. इथल्यांनी बाक पुसून दिला.

आणि आता हे पंचेचाळीस. आईने मुंगीकडे पाहिलं. मुंगीचे ओठ आवाज न करता हलले: पस्तीस. हात मात्र तिने मांडीखाली दाबून ठेवले होते.

पुढच्या बाकावरची, समोरचे दात पडलेली एक मुलगी उभी राहिली.

"बाई, चुकलात तुम्ही."

वर्ग हसला नाही, की चिडीचूपही झाला नाही. बाई मागे सरल्या, फळ्याकडे नीट पाहिलं आणि कुठे ते दाखव म्हणत खडू तिच्या हातात दिला. घेतलेला हातचा कमी करायचा राहून गेला होता. मुलीने टाचा उंचावून चार पुसले, तीन केले, खडू परत दिला. बाई थँक्यू म्हणाल्या आणि पुढचं गणित सुरू झालं. मुंगी मात्र बाईंचा चेहरा न्याहाळत राहिली, काडेपेटीत ठेवलेला किडा बघावा तशी.

व्हरांड्यात आल्या आल्या बाबा कुजबुजला की निकाल मधोमध का लटकतो ते कळलं, आता निघूया. आई थबकली. चुका काढण्यावर जिचं पोट चालतं ती चुकणाऱ्याची बाजू कोणत्या तोंडाने घेणार? पण काहीतरी तिला सोडत नव्हतं. मुंगीचा हात धरून ती तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली आणि बाईंच्या चुकीबद्दल आडपडदा न ठेवता विचारलं.

मुख्याध्यापकांना हा प्रश्न नवा नसावा. त्यांनी हसून सांगितलं की ही या शाळेची पद्धतच आहे. प्रत्येक शिक्षक रोज एक चूक मुद्दाम करतो. मुलांना सकाळीच सांगून ठेवलेलं असतं, आज कधीतरी एक होणार, डोळे उघडे ठेवा. जो पकडेल त्याच्या हातात खडू.

म्हणजे नाटक, असं बाबा म्हणाला, पण जरा खुशीतच. अशा युक्त्या विमा विकणाऱ्याला चटकन पटतात. आईचं मन मात्र खट्टू झालं. नाटक मुंगीला लगेच ओळखू यायचं. पत्त्यांत आई मुद्दाम हरली की ही पत्ते खाली ठेवून उठून जायची. लुटुपुटुच्या चुकांनी तिची खरी भीती कशी जाणार?

एवढ्यात मधली सुट्टी झाली आणि बाईच दारात आल्या, बोटांना अजून खडू लागलेला. मुख्याध्यापक त्यांना कौतुकाने म्हणाले की आजच्या चुकीने पाहुणे चांगलेच दचकले.

बाईंचे कान लाल झाले.

"ती आजची नव्हे हो, सर. आजची अजून करायचीय. ते मी खरंच चुकले. मागे पाहुणे बसले की माझं हे असं होतं."

आईने आठवून पाहिलं. वर्गात, इतक्या मुलांसमोर, हे कान लाल झाले नव्हते. ते आत्ता झाले, मोठ्या माणसांसमोर. लेखक आणि संपादक तिच्याशी एकेका चुकीवरून तास तास भांडत. मी चुकले, असं इतकं सरळ कुणी म्हटल्याचं तिला आठवेना. तिने स्वतः कधी म्हटल्याचंही आठवेना. बाबाने घड्याळाचा हात खिशात घातला.

मुंगी आईच्या पाठीमागून पुढे आली. मान वर करून तिने बाईंकडे पाहिलं.

"आजची अजून व्हायचीय?"

बाईंनी मान डोलावली.

मुंगीने आईचा हात सोडला.

"मग तुम्ही दोघं जा घरी," ती म्हणाली. "मी ती पकडून येते."