पेंढ्याच्या माणसाची नाडी

अगं बाई! तो कोट ह्यांचा होता.

मधुमतीच्या हातातला केकचा डबा तिरका झाला. समोर त्या इंग्रजी खेड्याच्या हिरवळीवर फळकुटं, मोडकी कपाटं, कुंपणाचे जुने खांब यांची दोन पुरुष उंच रास रचलेली. राशीच्या कडेला शिडी, आणि शिडीच्या चार पायऱ्या वर, एका लंगड्या खुर्चीत, पेंढा भरलेला पुतळा बसवलेला. पाच नोव्हेंबरला दरवर्षी जाळतात असा, चारशे वर्षांपूर्वी राजाच्या जिवावर उठलेल्या कुठल्याशा कटवाल्याच्या नावाने. पोरं आरडतात, म्हातारी माणसं कपातून सूप पितात, साडेसहाला सगळं आटोपून लोक घरी जातात. मधुमतीला त्याचं काय नवल? तीस वर्षं बघत आली होती ती.

पण आज पुतळ्याच्या अंगात हिरवट लोकरी कोट होता आणि डाव्या कोपरावर तांबड्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ. तपकिरी दोरा संपला म्हणून तिने तांबडा घेतला होता. "माझ्या कोपराकडे कोण बघायला बसलंय?" हे म्हणाले होते. आता सगळं गाव बघत होतं.

"वरदा," ती शेजारी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाली, "बाबांचा कोट कुठाय?"

"कुठला कोट?" वरदाने आईच्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि तिचंही तोंड उघडंच राहिलं. "ओह नो. आई, मी लास्ट वीकेंडला लीड्सवरून आली तेव्हा कपाट क्लिअर केला ना? ती बॅग चर्चच्या सेलला दिला. तू इतके वर्षं त्याला टचच करत नव्हतीस. मला वाटला, हेल्प होईल तुला."

हेल्प! मधुमतीच्या मनात आलं, हिच्या एक मुस्काटात ठेवून द्यावी. पण हात हलेना.

राशीपलीकडून डेरेक आला. मेंढ्यांवाला डेरेक, गेली वीस वर्षं होळी रचण्याचं काम त्याच्याकडे. हातात पेटती मशाल. "मिसेस डॉक, जरा मागे व्हा. वारा तुमच्या बाजूला आहे."

"डेरेक, तो कोट डॉक्टरांचा आहे."

डेरेकने वर पाहिलं. कोपर पाहिलं. त्याचा तांबूस चेहरा बघता बघता पांढराफटक पडला.

"देवा! सेलमध्ये शेवटी उरलेल्या ढिगातून उचलला मी. अंधारात पेंढा भरला, बघितलंच नाही." तो नुसता चाचरत होता. "थांबा, उतरवतो. आत्ता उतरवतो."

"जाळा! जाळा!" पोरं ओरडत होती. कुणाच्या तरी आईने दटावलं. मग बातमी ओळीओळीने मागे गेली आणि सूप पिणाऱ्यांनीही कप खाली ठेवले. डॉक्टर पुरुषोत्तमांनी या गावातल्या निम्म्या लोकांचे घसे तपासले होते. शिवाय दर पाच नोव्हेंबरला एक गंमत ठरलेली. डॉक्टर शिडी चढायचे, पुतळ्याची नाडी धरायचे, घड्याळात बघत मिनिटभर गंभीर चेहऱ्याने उभे राहायचे, मान हलवायचे आणि ओरडायचे, "पेशंट गेला! पेटवा!" गाव पोट धरून हसायचं. ते गेल्यावर ती गंमत कुणी केली नाही.

गेल्यावर! मधुमतीच्या तोंडून तो शब्द कधी निघालाच नव्हता. लॉकडाऊनमधला तो एप्रिल. ह्यांना अँब्युलन्समध्ये चढवताना खिडकीतून पाहिलं, तेवढंच. ती स्वतः तापाने फणफणलेली, घरात कोंडलेली. अंत्यसंस्कार लॅपटॉपवर दिसणार होते. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि मग फोन आला की आटोपलं. आटोपलं म्हणे! ना शेवटचं तोंड पाहिलं, ना पायांवर डोकं टेकवलं, ना कुणी घरच्याने अग्नी दिला. अजूनही फोनवर कुणी ह्यांना विचारलं, तर ती म्हणायची, "घरी नाहीत."

डेरेकने शिडीवर पाय ठेवला.

"थांब," मधुमती म्हणाली.

तिने डबा वरदाच्या हातात कोंबला, साडीवरचा मोठा कोट वर धरला आणि शिडी चढू लागली.

"आई, पडशील! आई, प्लीज!"

एक पायरी. दोन. तीन. पुतळ्याच्या मनगटाला भांडी घासायचा पिवळा रबरी हातमोजा बांधलेला होता. मधुमतीने तो मागे सारला. बाहीतून पेंढा टोचला. तिने तीन बोटं टेकवली, हे टेकवायचे तशीच, आणि दुसऱ्या हातावरचं घड्याळ मशालीच्या उजेडात धरलं.

कुणी हसलं नाही. कुठेतरी भिंतीपलीकडे मेंढी ओरडली.

मिनिट संपलं. तिने बोटं काढली नाहीत. आणखी थोडा वेळ दिला. मग कोटाची कॉलर नीट केली, मान हलवली आणि एकेक पायरी करत खाली उतरली.

"गेले," ती मराठीत म्हणाली, आणि डेरेकपुढे हात केला.

डेरेकला मराठी येत नव्हतं. त्याने टोपी काढली आणि मशाल तिच्या हातात दिली.