साफ केलेली कॅसेट

मोहनराव मास्तरांच्या दशक्रियेला रामहरी आला होता, पण हात जोडायला नव्हे. मास्तर खरंच गेले का, एवढंच बघायचं होतं, असं त्यानं स्कूटीवर बसताना सुनेला सांगितलं. अनितानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अंथुर्ण्याहून त्याला सांगवीच्या घाटावर आणून सोडलं.

नीरेच्या काठी भाषणं रंगात आली होती. मास्तरांनी तीस वर्षं ब्रास बँड चालवला. स्वतः काही वाजवायचे नाहीत. हातात छडी, आणि तिच्या टोकाकडं बघून सोळा माणसं वाजवायची; त्यांतलाच एक रामहरी. साखर कारखान्याचे एक माजी संचालक माईक धरून सांगत होते, "मास्तर म्हणजे शांत, संयमी व्यक्तिमत्त्व. उभ्या आयुष्यात कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत."

"मेल्या म्हशीला मणभर दूध," रामहरी म्हणाला.

पुढच्या रांगेतली दोन डोकी मागं वळली. "आबा, गप बसा की," अनिता पुटपुटली.

"गप कशाला? त्या संयमाचे वळ हायत माझ्या पोटरीवर. बघायच्यात?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता. भर वरातीत, नवरदेवाच्या घोड्यापुढं, मास्तर वादकाच्या सात पिढ्या उद्धरायचे. सूर चुकला की छडी, ताल सुटला की शिवी, आणि चांगलं वाजलं की काहीच नाही. तरी पंचक्रोशीत तसा बँड दुसरा झाला नाही. इतक्या नालायक माणसाला वाजवण्यातलं एवढं कळावं, याचाच रामहरीला जन्मभर राग होता.

भाषणं संपली. मास्तरांचा मुलगा शंभूराज पुढं आला. "दादांनी एकोणनव्वद साली पुण्यात जाऊन कॅसेट काढली होती. तिची एकच प्रत उरली होती. आम्ही ती स्टुडिओतून साफ करून आणलीय. आता सगळ्यांनी ऐकावी."

त्या कॅसेटच्या कव्हरवर जरीच्या कोटातला मास्तरांचा फोटो होता आणि खाली मास्तरांचं नाव. बाकी सोळांची नावं कुठंच नव्हती.

कर्ण्यातून बँड सुरू झाला तसा रामहरी ताठ बसला. दात पडल्यापासून त्याचं क्लॅरिनेट सुटलं होतं, आणि घरची कॅसेट टेपनं कधीच खाल्ली होती. अनिता लग्न होऊन आली त्याला अकरा वर्षं झाली. सासऱ्याचा एक सूरही तिनं ऐकला नव्हता. म्हातारा बँडच्या बढाया मारायचा, ती भाकऱ्या थापता थापता हूं हूं करायची.

"ह्यात तुमी कुठं?" तिनं विचारलं.

"आता कळंल. क्लॅरिनेट वर चढाय लागलं की मास्तर वरडतो, 'रामहऱ्या, रेड्या, उचल!' स्टुडिओत बी तोंड आवरलं न्हाय त्याला. तसंच छापलं गेलं. नावासकट."

क्लॅरिनेट चढू लागलं. अनितानं डोक्यावरचा पदर कानामागं सारला. सूर वर गेला, वरच्या वर वळला आणि अलगद खाली आला. मधे कुणीच ओरडलं नाही.

"ए, बंद कर!" रामहरी उठून उभा राहिला.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. शंभूराजनं गाणं थांबवलं आणि जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, रडू नका."

"रडतंय कोण? मास्तरची शिवी कुठं गेली?"

शंभूराजचा आवाज खाली आला. "काढून टाकली. मोठी माणसं बसल्यात हितं. उद्या यूट्यूबवर टाकणार हाय, जग ऐकंल. दादांची शोभा कशाला करायची?"

"माझं नाव तुझ्या बापानं कुठल्या कागदावर घातलं न्हाय. जे काय हाय ते त्या शिवीत हाय. परत घाल."

"न्हाय घालता येत. साफ करताना जुनी टेप तुटली."

मास्तरांनी मारलं होतं, पण पुसलं नव्हतं. रामहरीनं सरळ जाऊन संचालकांच्या हातातला माईक काढून घेतला. "लाव. पहिल्यापासनं."

शंभूराज हलला नाही. बायकांच्या घोळक्यात मास्तरांची बायको सरुबाई बसली होती. दहा दिवस तिनं ना तोंड उघडलं होतं, ना डोळ्यांतून टिपूस काढलं होतं. तिनं मान वर केली. "लाव म्हंतोय तर लाव की."

बँड पुन्हा सुरू झाला. रामहरीनं डोळे मिटले. क्लॅरिनेट चढायला लागलं, आणि बरोबर अर्धी मात्रा आधी तो माईकवर कडाडला, "रामहऱ्या, रेड्या, उचल!"

घसा त्याचा नव्हताच. तोच घोगरा, नाकातून येणारा, माणसाला जागच्या जागी ठार करणारा आवाज. सूर दचकून उचलल्यासारखा वर गेला. संचालक आपल्या पायांकडं बघू लागले. सरुबाईनं गुडघ्यांत डोकं घातलं आणि हंबरडा फोडला.

अनिता मात्र कर्ण्याकडं बघत होती. "अगं बया," ती म्हणाली, "हे आबा?"

शंभूराज माईक घ्यायला धावला. रामहरीनं तो छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला मागं सारलं.

"थांब. पुढं अजून एक शिवी हाय. ती ढोलवाल्या जयवंताची. त्यो मेलाय, त्याला येता यायचं न्हाय."