टाळूचा वास

कोरोना बरा होऊन चार वर्षं झाली, तरी कमलिनीबाईंचं नाक मेलेलंच होतं. म्हणून परवा त्यांनी नाकात चिप बसवून घेतली. आज गोडा मसाला भाजताना दगडफूल, लवंग, खोबरं सगळं बिनचूक कळलं. हरखून त्यांनी तान्ही नात मांडीवर घेतली, टाळू हुंगली आणि त्या चक्रावल्याच. सकाळी आलेल्या सिलिंडरवाल्याला हाच वास होता! लेकीला जवळ ओढून तिची मान हुंगली, तर तिथेही तोच.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"आजी, मसाले तीनशे भरलेत," तिथला तंत्रज्ञ म्हणाला. "माणूस मात्र एकच. सरासरी काढून."

"अरे, पण ही माझी नात आहे!"

"चिपला कसं कळणार?"

बाईंनी डोळे मिटून पुन्हा टाळू हुंगली. मांडीवरचा सिलिंडरवाला खुदकन हसला.