मराठीचे तिघे

“ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा,” सुधाकर म्हणाला आणि सतरंजीकडे बघू लागला.

कोणी हललं नाही. कॉलेजच्या फाटकाबाहेर, लिंबाच्या विरळ सावलीत सगळे प्राध्यापक बसले होते.

भाषावार राज्यं झाली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, आणि कॉलेजात मराठी घेणारी मुलं कमी होत गेली. संस्थेने मराठीच्या तिघांना काढायचं ठरवलं. त्याविरुद्ध हे धरणं होतं. आज बोलणी करताना संस्थेचे अध्यक्ष गिरधरशेठ एकदम मऊ झाले होते. “तिघांना जाऊ द्या, सर. बाकी सगळ्यांना कायम करून टाकतो. दरसालच्या कराराची झंझटच नको.”

सुधाकर इतिहास शिकवायचा. प्राध्यापक संघाचा तोच सचिव. उन्हाळा आला की यंदा करार होतो की नाही, या धास्तीने त्याच्या तोंडची चव जायची. जैनाबादला वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, घरी निर्मलाला दिवस गेलेले. बैठकीतून बाहेर येतानाच त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त पहिला हात आपला नको.

तिघांपैकी दोघे निकालाची वाट न बघता जळगावला नोकरी शोधायला गेले होते. उरल्या होत्या उषाबाई. बुधवारा पेठेत भाड्याच्या खोलीत म्हाताऱ्या आईला घेऊन राहायच्या. त्या कडेला बसल्या होत्या आणि जो तो त्यांची नजर चुकवत होता.

सुधाकरचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला. तेवढ्यात उषाबाईंनी हात वर केला.

“बाई,” तो चपापून म्हणाला, “प्रश्न नीट कळला ना तुम्हाला?”

“कळला, सर. माझ्यासमोर तुम्हा लोकांना जड जात होतं. म्हटलं, सुरुवात मीच करते. माझं काय, जायचं ठरलेलंच आहे. तुमचं तरी भलं होऊ द्या.”

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसवला असता. सुधाकरचा हात पुन्हा मांडीवर आला. सकाळपासून समेटाचा आग्रह धरणारे गणिताचे वसंत सर पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. बराच वेळ गेला. उषाबाईंचा हात भरून आला असावा. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला, पण खाली घेतला नाही. दुसऱ्या कोणाचाच हात वर आला नाही.

सुधाकर उठला आणि एकटाच आत गेला.

गिरधरशेठ कराराचे कागद पुढ्यात घेऊन बसले होते. “काय फैसला झाला, सर?”

“तुमचं म्हणणं आम्हाला मंजूर नाही.”

शेठनी कागद बाजूला सारले. “सोच लो. मग सगळ्यांचाच करार अडेल.”

“अडू द्या.” बोलताना सुधाकरला घरची माणसं आठवली, पण शब्द त्याने मागे घेतला नाही.

“इतक्या लोकांत माझ्या बाजूने एकही मत नाही?”

“एक पडलं,” सुधाकर म्हणाला. “ज्यांना तुम्ही काढताय, त्या उषाबाईंचं.”