पोटात थांबलेली गोळी

हिवतापाची गोळी गिळून तास झाला, तरी दसरूची हुडहुडी जाईना. मनगटावरच्या पट्टीतून पोटातली गोळी बोलली, "इथं दुसरी गोळी आहे. दोघी विरघळलो तर हृदयाचा ठोका चुकेल. मी थांबते."

"दादा, आणखी काय गिळलंत?" गोळी द्यायला आलेल्या आशाताईंनी विचारलं.

"देवाशपथ, फक्त पेज!" दसरू गोंधळला.

त्याची बायको मैनी पुटपुटली, "माझ्या गळवाची अँटिबायोटिक गोळी. निम्मी यांच्या पेजेत घातली. आमच्यात एकटीनं काही खायची रीत नाही."

"अगं, औषध म्हणजे काय मोहफुलं, वाटून खायला?" आशाताई म्हणाल्या.

कुणावर रागवावं तेच दसरूला कळेना. त्यानं पट्टीलाच विचारलं, "किती थांबशील?"

"उद्यापर्यंत."

"तोवर हा ताप धीर धरेल?"