परातीतलं पाणी

बॅटरी मी धरली होती, बंदूक ह्यांच्या हातात. वाडीत शेतराखणीची बंदूक एकट्या आमच्याकडे, म्हणून पिसाळलेल्या कोल्ह्याला मारायचं काम आमच्याच गळ्यात पडलं.

गोठ्यामागे ह्यांनी जुन्या परातीत पाणी भरून ठेवलं होतं. "खरूज झालेलं जनावरही असंच वेडंवाकडं दिसतं," हे म्हणाले. "पाणी प्यायला तर सोडून देऊ."

कोल्हा लटपटत आला. तहानलेला होता. परातीला तोंड लावलं, तसा त्याचा गळा आवळला आणि अंग ताठलं. मागे सरला. परत आला. परत तेच. शेवटी पाण्याकडे बघत नुसताच उभा राहिला.

"उजेड हलवू नको," हे हळूच म्हणाले.

एका बारात काम झालं. हातमोजे घालून ह्यांनी त्याला खोल पुरलं, वर चुना टाकला. हात धुऊन येईपर्यंत मी पानं घेतली.

पण हे जेवायला बसले नाहीत. वाडग्यात पाणी घेऊन ओटीवर गेले. तिथं आमचा कुत्रा, भुरक्या, साखळीला होता. गेल्या आठवड्यात ह्या कोल्ह्याला गोठ्यातून त्यानंच हुसकावलं होतं. कानावरचा चावा आता सुकत आला होता.

ह्यांनी काठीनं वाडगा पुढे सरकवला. भुरक्या लपलप करत सगळं पाणी प्यायला आणि शेपटी हलवत राहिला.

"चला, भात निवतोय," मी म्हटलं.

"हो. उद्या परत बघू," हे म्हणाले. बंदूक मात्र कपाटात ठेवली नाही.